इंजिन गरम झालं की

मढच्या जेट्टीवरून निघून किनाऱ्यावरची घरं काडेपेटीएवढी दिसायला लागली, की क्रिसचं इंजिन तापायला लागायचं. रोज नाही. रोज तापलं असतं तर अमुक एक भाग गेलाय असं म्हणता तरी आलं असतं. आठवडाभर ते झकास चालायचं, आणि मग एखाद्या सकाळी, काही कारण नसताना, मागून पडणारी पाण्याची धार बारीक व्हायची.

होडीच्या मागे लटकवायच्या या इंजिनाला गार ठेवतो तो समुद्रच. खाली, पंख्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना बारीक फटी असतात. त्यांतून पाणी आत जातं, एक रबरी चाक ते वर ढकलतं, पाणी सिलिंडरभोवती फिरतं आणि थोडंसं मागच्या भोकातून धारेनं बाहेर पडतं. धार जाड, तर सगळं ठीक. धार बारीक झाली, तर वेग कमी करायचा आणि गुपचूप घराकडे वळायचं. क्रिस तेच करायचा. हळू चालवलं की जेवढं पाणी चढायचं तेवढ्यावर इंजिन निभावून न्यायचं, आणि तो जेवायच्या वेळेआधीच घरी परतलेला असायचा. जाळं कोरडं, दिवस फुकट.

इंजिन त्याच्या वडिलांनी घेतलेलं होतं. वडील काविळीनं गेले, इंजिन राहिलं. जेट्टीवर ठेवलं तर चोरीला जायची भीती, म्हणून क्रिस ते रोज खांद्यावर टाकून घरी आणायचा आणि पडवीतल्या लाकडी घोडीवर टांगायचा.

"परत तापलं?" त्याची आई कॉन्सेप्टा विचारायची.

"परत तापलं."

"बरं. हात धू. गरम गरम जेव."

मग संध्याकाळी तो ग्रेगरीमामाला सांगायला जायचा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन त्याच्या शेडवर न्यायचा. ग्रेगरी म्हणजे कॉन्सेप्टाचा धाकटा भाऊ. मढमधली निम्मी इंजिनं त्याच्याच शेडमध्ये उघडली जायची. त्याने या इंजिनावर काय काय करून पाहिलं नव्हतं? रबरी चाक बदललं. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला आणि तो वेळेवर उघडतोय की नाही ते डोळ्यांनी पाहिलं. आतल्या वाटांमध्ये साचलेलं मीठ ॲसिडने धुऊन काढलं. धारेच्या भोकात तार घातली. मग पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून चालू केलं, तर धार अशी जोरात आली की समोर उभ्या असलेल्या क्रिसची पँट भिजली.

"आता हे तापलं ना," मामा म्हणाला, "तर मीच दर्यात उडी मारतो."

पुढच्याच आठवड्यात क्रिस शेडच्या दारात उभा. "मामा, मार उडी."

दुसऱ्या दिवशी मामाने पुन्हा इंजिन खोललं. आत काही नाही. सगळं नव्यासारखं.

"फटीत प्लॅस्टिक अडकत असेल रे. पिशवी येऊन बसते, तू परत येईपर्यंत सुटून जाते."

"मी बघितलं ना यार. इंजिन वर उचलून बघितलं. पिशवी नाही, काही नाही."

"मग मला नाय माहीत," मामा म्हणाला. असं तो आयुष्यात फार कमी वेळा म्हणाला असेल.

क्रिसची बायको जेनेव्हिव्ह सांताक्रूझला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. सकाळी बोटीने वर्सोव्याला उतरायची, तिथून पुढे रिक्षा, बस, जे मिळेल ते. घरी यायला दिवेलागण व्हायची. तिचं मत साधं होतं: विकून टाक. पण जुनं, तापणारं इंजिन घेणार कोण?

त्या दिवशी सकाळी क्रिस आंघोळ करून बाहेर आला तेव्हा होडीवर बरोबर येणाऱ्या त्याच्या जोडीदाराचा फोन वाजत होता. त्याला ताप भरला होता. जेनेव्हिव्ह केस विंचरत होती. तिने घड्याळाकडे बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडे.

"मी येते," ती म्हणाली.

"ऑफिस?"

"रजा टाकते. माझ्या उरल्यात भरपूर. लग्नाआधी पप्पांबरोबर जायचेच ना मी. जाळं ओढायला काय तुझा जोडीदारच लागतो?"

क्रिसला हसू आलं. पाण्याची बाटली, भाकऱ्या, जुना शर्ट, अशी तिची तयारी सुरू झाली. तेवढ्यात कॉन्सेप्टा स्वयंपाकघराच्या दारात आली.

"जेनू कुठं चालली?"

"माझ्याबरोबर. होडीवर."

कॉन्सेप्टाचा चेहरा कसातरी झाला. "नको. आज नको."

"का गं आय?"

"नको म्हणते ना."

ती आत गेली. आतून डबे उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज येत राहिला. क्रिस इंजिन उचलायला पडवीत आला, तर ती तिथंही आली आणि खिडकीच्या कठड्यावर, कपाटाखाली, उशीच्या अभ्र्यात हात घालून शोधत राहिली.

"काय शोधतेस?"

"काय नाय."

"मग सरक ना. भरती निघून चालली."

त्याने इंजिन खांद्यावर घेतलं. कॉन्सेप्टा फाटकापर्यंत मागे आली. तिने जेनेव्हिव्हच्या हातातली पिशवी धरली आणि सोडेचना. जेनेव्हिव्हने हसत हसत तिची बोटं एकेक करून सोडवली. "आय, दुपारपर्यंत येतो आम्ही. तुझ्यासाठी बोंबील आणते."

जाताना धार नेहमीपेक्षा बारीक होती, पण क्रिस बायकोशी बोलण्यात होता आणि इंजिन तसंही सावकाशच चालवत होता. जाळं टाकून झालं. भाकऱ्या खाऊन झाल्या. दुपारकडे पश्चिमेचा वारा सुटला, लाटा आखूड आणि टोकदार झाल्या, आणि होडी मढच्या किल्ल्याच्या बाजूच्या खडकांकडे सरकतेय हे क्रिसच्या लक्षात आलं. जाळं अर्धं वर, अर्धं पाण्यात.

"राहू दे ते! सोड!" तो ओरडला आणि त्याने इंजिनाचा वेग वाढवला.

होडी पुढे सरकली. खडक जरा लांब गेले. मग रंग जळल्याचा वास आला. क्रिसने मागे बघितलं. धार नव्हतीच. भोकातून नुसती वाफ येत होती. वेग कमी करावा तर वारा खडकावर नेणार, वाढवावा तर इंजिन जाणार. त्याने वाढवला. इंजिनाने चिरका आवाज काढला, अख्ख्या होडीला हिसका बसला आणि सगळं थांबलं.

त्याने इंजिन चालू करायची दोरी ओढली. ती हललीच नाही, भिंतीत पुरल्यासारखी. पिस्टन आत चिकटला होता.

नांगर टाकला, तो खालच्या सपाट खडकावर घसरत राहिला. क्रिसने एक वल्हं घेतलं, जेनेव्हिव्हने दुसरं. एका लाटेनं होडी उचलली आणि आडवी करून खडकाकडे फेकली. जेनेव्हिव्हने वल्हं पुढे करून खडक रेटला, वल्हं निसटलं, आणि तोल सावरायला तिने हात पुढे केला. होडीची कड आणि खडक यांच्यामध्ये तो हात सापडला.

ती ओरडली नाही. क्रिसला फक्त एक आवाज ऐकू आला, सुकं लाकूड मोडावं तसा. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी.

खारदांड्याची एक मोठी होडी तिकडून चालली होती, म्हणून ती दोघं वाचली. ती चालवणाऱ्या हर्षद नावाच्या तांडेलाने लांबून दोरी फेकली, पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा क्रिसच्या हातात आली. होडीत घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात भाकऱ्यांचं फडकं तरंगत होतं.

मामा जेट्टीवर धावत आला होता. त्याने इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"तू हिला घेऊन जा," तो म्हणाला. "हे मी शेडवर नेतो. आज मी याचा एकेक स्क्रू काढणार."

अंधेरीच्या हॉस्पिटलात जेनेव्हिव्हला एक्स-रेला आत नेलं तेव्हा क्रिस बाहेर बाकावर बसला. त्याच्या पायांना अजून जमीन हलतेय असं वाटत होतं. फोन वाजला.

"जेनू कशी हाय?"

"आत आहे. मामा, काय सापडलं?"



"कपडा," मामा म्हणाला.

"काय?"

"कपडा. पाणी घेणाऱ्या फटींच्या आत. पट्ट्या फाडून कोंबल्यात. बाहेरून दिसत नाय, बारीक सळीने आत ढकलल्यात. एका बाजूला पूर्ण, एका बाजूला अर्ध्या. हळू चालवलं तर पाणी येणार, जोरात नाय."

क्रिस उभा राहिला. "कुणी केलं? कुणाचं काय घोडं मारलंय मी? मामा, जेट्टीवर तर मी इंजिन ठेवतच नाही. कुणी येऊन..."

"तेच," मामा म्हणाला. "जेट्टीवर तू ठेवतच नाय."

"मग?"

"लाल चौकडीचा कपडा हाय, क्रिस. लुगड्याचा."

आईचं लाल चौकडीचं लुगडं. मऊ पडून विरलेलं. त्याच्याच एका तुकड्याने क्रिस रोज घरी आल्यावर हाताचं ग्रीस पुसायचा. तो पुन्हा बाकावर बसला. शेजारच्या बाईने विचारलं, "पाणी हवंय का?" त्याने बाटली घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली.

जेनेव्हिव्हला त्या रात्री हॉस्पिटलातच ठेवणार होते. तिची बहीण येऊन बसली आणि क्रिस घरी निघाला. मामा पायरीवर बसला होता. समोर वर्तमानपत्रावर ओल्या पट्ट्या मांडलेल्या. त्याने क्रिसकडे पाहिलं नाही.

कॉन्सेप्टा आत खाटेवर होती. दिवा लावलेला नव्हता.

"आय, हे काय आहे?"

तिने पट्ट्यांकडे बघितलं. ओळखत नसल्याचं सोंग तिने केलं नाही.

"जेनू कुठंय?"

"हॉस्पिटलात. हाताची हाडं मोडलीत तिच्या. ऑपरेशन आहे उद्या. मी काय विचारतोय?"

"हाताची?" कॉन्सेप्टा म्हणाली. "उजव्या?"

"आय!"

"हा बोलला होता," तिने दारातल्या भावाकडे बोट केलं. "इथंच. चहा पिताना. पाणी कमी गेलं तर काय मोठं होत नाय, इंजिन गरम होतं आणि पोरगा हळूहळू घरी येतो. बोललास ना तू?"

ग्रेगरीचं तोंड उघडं राहिलं. तो बोलला होता. बहिणीची काळजी कमी व्हावी म्हणून बोलला होता.

"इंजिन गरम झालं की तू परत येतोस," कॉन्सेप्टा मुलाला म्हणाली. "जेवायच्या आधी येतोस."

क्रिसला वाटलं आपण हिला मारू. असं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि ते वाटल्याचाच त्याला धक्का बसला. तो भिंतीला टेकला.

"आम्ही मेलो असतो आज. कळतंय तुला? मला घरी थांब म्हणायचं होतंस. नीट सांगायचं होतंस!"

"काय सांगू?"

"का ते सांग!"

कॉन्सेप्टाचे हात मांडीवर काहीतरी विणल्यासारखे हलत होते.

"मला घर ओळखू येत नाय," ती म्हणाली.

"काय?"

"रोज नाय. एखाद्या दिवशी. सकाळी उठले की कळतं, आज तसा दिवस हाय. चहाची साखर कुठं ते सापडत नाय. मग तुम्ही जाता. दुपारी मी बसलेली असते आणि वाटतं, हे कुणाचं घर? आता कुणीतरी येणार आणि विचारणार, बाई, तू इथं काय करतेस? मी दाराला कडी लावून बसते. मग तू येतोस, इंजिन टांगतोस, आणि सगळं परत जागेवर येतं."

क्रिस भिंतीला टेकूनच खाली बसला.

"परवा मिरच्या आणायला गेले. परत येताना गल्लीच मिळेना. क्रुसाजवळ बसले. शकूने घरी आणून सोडलं." शकू म्हणजे नाक्यावर मासळी विकणारी बाई. "मीच तिला शपथ घातली, क्रिसला बोलू नको."

क्रिसच्या डोळ्यांसमोर गेले काही महिने आले. दोनदा मीठ पडलेली आमटी. चालू राहिलेला गॅस, ज्यावरून जेनेव्हिव्ह त्याच्यावरच ओरडली होती. आणि तो प्रत्येक वेळी जेवायला बसला होता, इंजिनाला शिव्या देत.

"तू आंघोळीला गेलास की मी आत घालते," कॉन्सेप्टा सांगत होती. आता सांगायला लागली तर तिला थांबवता येईना. "क्रोशाच्या सुईने. तू संध्याकाळी ह्याच्याकडे गेलास की त्याच सुईने ओढून काढते. आज घातलं, आणि मग जेनू बोलली मी पण जाते. मला काढायचं होतं रे. मी शोधली. सगळीकडे शोधली. सुई कुठं ठेवली तेच आठवेना."

डबे, खण, उशीचा अभ्रा. आणि तो म्हणाला होता, सरक ना.

ग्रेगरी पायरीवरून उठून आत आला आणि बहिणीच्या शेजारी खाटेवर बसला. त्याने तिचा हलणारा हात धरला. क्रिस पडवीत गेला. घोडी रिकामी होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

जेनेव्हिव्हला त्याने ऑपरेशननंतर सांगितलं. आधी तिला वाटलं तो काहीतरी बरळतोय.

"तिला माहीत होतं मी चालले होडीवर," ती म्हणाली.

"ती काढायचा प्रयत्न करत होती, जेनू."

"तोंड होतं ना तिला? 'कपडा घातलाय' एवढं बोलता येत नव्हतं?" तिचा आवाज चढला, नर्सने वळून बघितलं. "आजारी असेल ती. मला कळतं. पण मी तिच्याशी बोलणार नाही. मला सांगू पण नको."

क्रिसने सांगितलं नाही.

पुढच्या दिवसांत तो आईला घेऊन अंधेरीच्याच एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तिला चित्रं दाखवली, आजचा वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. कॉन्सेप्टाने गोल छान काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यांना आता एकटं ठेवू नका म्हणाले. परतीच्या बोटीत कॉन्सेप्टा आनंदात होती. सगळं बाहेर बोलून टाकल्यावर तिला हलकं वाटत असावं.

मामाने इंजिनाचा सिलिंडर घासायला दिला. क्रिस ओळखीच्या एका होडीवर मजुरीने जायला लागला, तेही ज्या दिवशी मामाची बायको घरी येऊन बसू शकेल त्याच दिवशी. मग जेनेव्हिव्ह प्लॅस्टर घेऊन घरी आली. आता दिवसभर घरात दोघी होत्या. एकीला ऑफिसला जाता येत नव्हतं आणि दुसरीला एकटं ठेवता येत नव्हतं. जेनेव्हिव्ह शब्द पाळत होती. सासूच्या गोळ्या वेळेवर काढून टेबलावर ठेवायची, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. कॉन्सेप्टा मान खाली घालून गोळ्या घ्यायची. क्रिस मध्ये पडला नाही. कुणाच्या बाजूने पडणार?

एका दुपारी तो घरी होता. मामाने परत आणून दिलेलं इंजिन घोडीवर टांगून नट घट्ट करत होता. आत जेनेव्हिव्ह टेबलाशी बसली होती, डाव्या हाताने चमचा धरून भात खायचा प्रयत्न करत. निम्मा भात खाली सांडत होता. कॉन्सेप्टा कालवणाचं भांडं घेऊन आली, आणि थबकली.

"अगं बाय माझे," ती म्हणाली. "तुझ्या हाताला काय झालं?"

क्रिसच्या हातातला पाना नटावरच राहिला.

जेनेव्हिव्हने मान वर केली. ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यात काही लपवलेलं आहे का ते शोधत. काही नव्हतं. कॉन्सेप्टाच्या डोळ्यांत सरळ, स्वच्छ काळजी होती. आपल्या घरातल्या पोरीला लागलंय आणि आपल्याला आत्ताच दिसतंय, एवढीच.

जेनेव्हिव्हने प्लॅस्टर मांडीवर ओढून घेतलं.

"घसरले," ती म्हणाली.

"कुठं?"

"जेट्टीवर. शेवाळ होतं."

"बघून चालायचं ना गं! आणि हा क्रिस कुठं होता?"

"होता. बरोबरच होता."

"डोळे कुठं असतात ह्याचे," कॉन्सेप्टा पुटपुटली. भांडं खाली ठेवून तिने खुर्ची ओढली, जेनेव्हिव्हच्या हातातून चमचा काढून घेतला, मासळीतले काटे बोटांनी चाचपून बाजूला केले आणि भातात कालवण कालवून घास पुढे केला.

"आ कर."

जेनेव्हिव्हच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने तोंड उघडलं.

"तिखट झालंय का?" कॉन्सेप्टाने घाबरून विचारलं.

"नाही आय," जेनेव्हिव्ह म्हणाली. "बरं झालंय."